छापलेलं ते चित्र नाही म्हणे!

मागच्या महिन्यात आमच्या चित्रकला शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन दिवस नुसतं रणकंदन सुरू होतं. कारण काय, तर एका विद्यार्थी प्रदर्शनातून नववीतल्या एका पोराचं चित्र परत आलं. पोरगं माझ्याच शाळेतलं, यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातलं. त्यानं बापाच्या मोबाईलवर बोटानं पोळ्याची बैलजोडी काढली, मागून दिसणारी, अंगावर झुली, शिंगांना बेगड, आणि दोन शेपट्यांच्या मधून दिसणारं मारुतीचं देऊळ, आणि तालुक्याला जाऊन त्याची कलर प्रिंट काढून आणली. मी ती मुद्राचित्रण विभागात पाठवली. परीक्षकांनी कागद उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले हे मशीननं छापलंय, हे चालत नाही. म्हणजे छापचित्रांच्या विभागातून चित्र बाद, कारण ते छापलेलं आहे! बरं, परीक्षक ज्या बॅनरखाली बसले होते तो बॅनर, पाहुण्यांना दिलेली निमंत्रणपत्रिका, पोराच्या हातात ठेवलेलं सहभागाचं प्रमाणपत्र, सगळं अशाच मशीनमधून निघालेलं.

ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणे बरोबरच केलं, उद्या कोणीही उठेल, मोबाईलवर बोट फिरवील आणि चित्रकार होईल, मग आम्ही कॉलेजात हातावर अॅसिडचे डाग घेऊन एचिंग (पत्र्यावर अॅसिडनं रेघ खोदून छापायची रीत) शिकलो ते काहून? दुसऱ्या पार्टीत तरुण मास्तर जास्त. ते म्हणे सर जमाना बदलला, आता सगळी कला मोबाईलवर आली, खेड्यातलं पोरगं घरबसल्या पॅरिसचं म्युझियम पाहून राहिलं आणि तुम्ही अजून शाई-रूळ घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी अॅडमिननं ग्रुपला कुलूप लावलं, चौथ्या दिवसापासून गुड मॉर्निंगची फुलं परत सुरू.

मला दोन्ही पार्ट्यांचं पटत नाही. डिजिटलनं छापचित्र मारलं असं मला वाटत नाही, आणि डिजिटलनं कला खेड्यात पोचवली हेही अर्धंच खरं आहे. चित्र काचेवर दिसलं म्हणजे पोचलं असं होत नाही. ते कागदावर उतरून घरात यावं, भिंतीला लागावं, आणि मनात आलं तर आपल्यालाही तसं एखादं छापून शेजाऱ्याला देता यावं, एवढं झालं तर पोचलं म्हणायचं. मशीन की हात ह्या भांडणात हा मुद्दा कोणी काढतच नाही.

आमच्याकडे छापचित्र म्हणजे काय हे खरं तर कोणाला शिकवावं लागत नाही. जिवती घ्या. श्रावण लागला की देवघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद लागतो, वर नरसिंह आणि कालियावर नाचणारा कृष्ण, मधे लेकरं घेतलेल्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती. पातळ कागद, किंमत चहाच्या कपाएवढी. बाया शुक्रवारी त्याची पूजा करतात, लेकरांना ओवाळतात, जे लेकरू पुण्या-मुंबईला असेल त्याच्या दिशेनं अक्षता टाकतात, आणि पुढल्या श्रावणात नवा कागद. आता ह्या जिवतीचं ओरिजिनल कुठं आहे? कोणत्या ठोकळ्यावरून, कोणत्या दगडावरून पहिल्यांदा निघाली, कोणी विचारलं का आजवर? 2020 च्या लॉकडाऊनमधल्या श्रावणात बाजार बंद होता, जिवती मिळेना, तेव्हा आईला मावशीनं व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. मी म्हटलं मोबाईलच ठेव ना देवघरात. ती म्हणाली, "बाबू, फोन वाजला त देवीले कानाले लावू का?" तिनं माझ्याच ड्रॉइंग पेपरवर, फोटो पाहून पाहून, पेन्सिलनं सगळी जिवती काढली. वाघ मांजरासारखा झाला, पण लागली भिंतीवर. आणि पुढल्या वर्षी, बाजार उघडा असूनही, तिनं स्वतःच्या त्याच जिवतीच्या झेरॉक्स काढून गल्लीत सात घरी वाटल्या. फाईल, हात, मशीन, पुन्हा भिंत. वाद घालायला तिला वेळ नव्हता.

पोळ्याला वाटी गेरूत बुडवून बैलाच्या अंगावर गोल उठवतो, महालक्ष्म्यांना मूठ पिठात बुडवून उंबरठ्यापासून पावलं काढतो, नव्या घराच्या भिंतीवर हळदी-कुंकवाचे पंजे उमटवतो, हे सगळं छापणंच आहे. एकाचं अनेक करायचं आणि वाटायचं. छापचित्राचा जीव त्या अनेकात आहे, आणि नेमक्या त्याच गोष्टीसाठी आपण एका पोराला बाद केलं.

तरी जुन्या पार्टीचं जे खरं आहे ते मान्य केलंच पाहिजे, आणि ते थोडंथोडकं नाही. एचिंगच्या कागदावर हात फिरवला तर पत्र्याच्या कडेची खाच बोटाला लागते, शाईची रेघ कागदावर किंचित उठून आलेली असते, वुडकटमध्ये लाकडाचे रेषे दिसतात, शिळाछापात, म्हणजे दगडावरून काढलेल्या छापात, खडूचे कण. मोबाईलवर ह्यातलं काही दिसत नाही, आणि साध्या प्रिंटरच्या कागदावर तर नाहीच नाही. दुसरं म्हणजे साहित्य उलट बोलतं. लिनो (कोरून छापायची मऊ शीट) कापताना एकदा पातं घसरलं की घसरलं, तिथं मागे घ्यायचं बटण नाही, म्हणून हात विचार करून चालतो. आणि टिकाऊपणा. आमच्याकडच्या उन्हात साध्या डाय शाईची (विरघळलेल्या रंगाची) प्रिंट एका उन्हाळ्यात अशी उडते की बैल गेले आणि देऊळ राहिलं. पिगमेंट शाई (रंगाच्या बारीक कणांची) टिकते, चांगला कापसाचा कागद टिकतो, पण ते तालुक्याच्या दुकानात कोण ठेवतो? ही तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे.

पण त्यावरून 'हातानं छापलं तरच कला' हा निकाल कसा निघतो? हात नेमका कोणाचा हे तरी पाहा. जगात सगळ्यात जास्त ओळखलं जाणारं छापचित्र बहुतेक जपानी चित्रकार होकुसाईची ती मोठी लाट असेल, 1831 च्या आसपासची. होकुसाईनं रेखाटन केलं. लाकडाचे ठोकळे कोरणारा कारागीर वेगळा, छापणारा वेगळा, पैसा लावून विकणारा प्रकाशक वेगळा. आणि त्या लाटेचा जो निळा रंग पाहून आपण हरखतो तो प्रशियन ब्लू, युरोपात प्रयोगशाळेत तयार झालेला आणि तेव्हा जपानात नवाच रुळत असलेला रंग. म्हणजे अस्सल जपानी लाटेत परदेशी केमिकल आणि चार जणांचे हात. आमच्या पोरानं बैल स्वतः काढले, फक्त छापून दुसऱ्यानं दिले, तर त्याचा हात होकुसाईपेक्षा कुठं कमी पडला?

आपल्या घरचं उदाहरण राजा रविवर्म्याचं. 1894 साली त्यानं मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, मशीन जर्मन, तंत्रज्ञ जर्मन. एकेका रंगाला वेगळा दगड, रंगावर रंग चढवत शेवटी वार्निश, की झाला ओलिओग्राफ. ही छपाईची रीतही काही कलेच्या तपश्चर्येतून आलेली नव्हती बरं का. 1796 च्या सुमाराला सेनेफेल्डर नावाच्या जर्मन नाटककाराला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती, त्या खटपटीत त्याला चुनखडीचा दगड, तेलकट शाई आणि पाणी यांचं जमत नाही ह्याचा उपयोग सापडला. रविवर्म्याच्या छापांना तेव्हाच्या जाणकारांनी नाकं मुरडली, भगिनी निवेदिता आणि कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांनी त्याच्या चित्रांवर कडक टीका केली. धंदाही त्याला झेपला नाही, प्रेस पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर ह्या जर्मन माणसाकडे विकला गेला. पण त्या छापांनी काय केलं? ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्या घरात लक्ष्मी आणि सरस्वती भिंतीवर येऊन बसल्या, पुजाऱ्याला न विचारता. छापलेला कागद विकत घेणाऱ्याची जात विचारत नाही. पोहोच म्हणजे काय ह्याचा याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही. आणि त्याच मळवलीच्या प्रेसमध्ये काम करून दादासाहेब फाळके पुढं सिनेमाकडे वळले, म्हणजे एक छपाई दुसऱ्या कलेला जन्मही देते.

मग कोणी म्हणेल की जुन्या छापाच्या प्रती मोजक्या असतात, खाली पेन्सिलीनं तीन भागिले पंचवीस, म्हणजे पंचवीसातली तिसरी प्रत, असं लिहिलेलं असतं, फाईलच्या तर लाखो निघतील, मग किंमत कशाची? मुद्दा चांगला आहे पण अर्धा. ड्रायपॉइंट नावाच्या रीतीत मर्यादा खरी असते. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओरखडलं की कडेला जो बारीक कंगोरा उठतो तो शाई धरतो, आणि प्रेसच्या दाबाखाली तो चेपत जातो, काही डझन प्रतींनंतर रेघ फिकी पडते. पत्राच म्हणतो, बास आता. पण शिळाछापाचा दगड हजारो प्रती देतो, स्क्रीनप्रिंटची, शाई ज्यातून दाबतात ती, जाळीही भरपूर देते, तिथं पंचवीसवर थांबायचं हे चित्रकार ठरवतो आणि मग दगड घासून टाकतो किंवा पत्र्यावर काट मारतो. म्हणजे ती मर्यादा बाजारासाठी माणसानंच घातलेली. तीच तो फाईलवरही घालू शकतो. घालावी का, हा वेगळा प्रश्न. मला विचाराल तर खेड्यासाठी घालू नये, जिवतीला कुठं नंबर असतो?

बाजाराची एक गंमत सांगतो. 1991 च्या सुमाराला अमेरिकेत उत्तम दर्जाच्या इंकजेट प्रिंटा निघायला लागल्या, पण इंकजेट म्हटलं की गिऱ्हाईकाला ऑफिस आठवतं, म्हणून त्यांना जिक्ले असं फ्रेंच वळणाचं नाव दिलं गेलं. त्या शब्दाच्या मुळाशी पिचकारी मारणं, फवारणं असा अर्थ आहे. म्हणजे आमच्या भाषेत फवारणी. गॅलरीत फ्रेम लावून फवारणी केली तर कला, दारव्ह्याच्या दुकानात केली तर झेरॉक्स!

आता सगळ्यात अवघड मुद्दा, फ्लेक्सचा, आणि इथं मी जुन्या पार्टीपुढं मान खाली घालतो. आमच्या गावात एक पेंटरकाका होते, आहेत अजून. दुकानाच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा, ग्रामपंचायतीवरचं 'पाणी अडवा पाणी जिरवा', ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचा मोर, सगळं त्यांच्या हातचं. त्यांचा 'श' कोणत्याही फॉन्टमध्ये सापडणार नाही, खालची गाठ अशी मारायचे की अक्षर वळून आपल्याकडे पाहतंय असं वाटावं. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत त्यांचं काम संपलं. आता ते लोकांच्या घरांना पुट्टी मारतात. ह्याला प्रगती म्हणून टाळ्या वाजवायला माझे हात उठत नाहीत. आणि बदल्यात आलं काय? एकाच साच्यातले वाढदिवसाचे बॅनर, वर आठ नेत्यांची मुंडकी, मधे गॉगल घातलेला भाऊ, खाली पासपोर्ट फोटोंची रांग. आता तर एआयनं केलेले देव येऊन राहिले, हाताला सहा बोटं असली तरी कोणाचं लक्ष नाही. (फ्लेक्सचा खरा उपयोग नंतर होतो म्हणा, पावसात सोयाबीनच्या गंजीवर टाकायला, शेळ्यांच्या गोठ्याला आडोसा करायला. आमच्या शेजाऱ्याच्या गोठ्यात एक माजी आमदार दोन वर्षं उलटे लटकून होते.)

पण काकांचं काम मशीननं खाल्लं असं म्हणताना एक गोष्ट सुटते. त्या मशीनला अक्षर वाईटच काढ असं कोणी सांगितलेलं नाही. काकांचा 'श' स्कॅन करून, त्यांच्या हातची मुळाक्षरं घेऊन, त्यावरून पाट्या छापता आल्या असत्या, काकांना पैसे देऊन. दुकानदाराला ते सुचलं नाही कारण तयार साचा फुकट होता, आणि आपल्याला सुचलं नाही कारण आपण फ्लेक्सला शिव्या देण्यात गुंतलो होतो. चित्रकला शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्या दुकानात पाऊल ठेवलं का? कोरल ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर बसलेल्या पोराला, बाबा रे, आठ रंग कशाला, दोन पुरतात, असं कोणी सांगितलं का? आपण ते दुकान आपल्या कलेच्या बाहेरचं मानलं, मग तिथं जे वाईट झालं त्यात आपला वाटा नाही असं कसं म्हणता येईल? एकसारखेपणाचंही तसंच. रविवर्म्याच्या छापांनीही गावोगावच्या देवींना एकाच वळणाचा चेहरा आणि साडी दिली. तो दोष छपाईचा जुनाच आहे, आणि त्यावर उपाय छपाई बंद करणं हा कधीच नव्हता. छापणारे वाढवणं हा होता.

आता तरुण पार्टीकडे वळतो, कारण त्यांना वाटत असेल सर आपल्या बाजूनं बोलून राहिले. तसं काही नाही. 'सगळं मोबाईलवर आलं' म्हणता, काय आलं? न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनं फेब्रुवारी 2017 मध्ये पावणेचार लाख चित्रप्रतिमा कोणालाही वापरायला मोकळ्या केल्या, अॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमनं त्याच्याही आधी ही वाट धरली. उत्तम झालं, मी स्वतः तिथून चित्रं उतरवून वर्गात दाखवतो. पण पिकासोचं गेर्निका साडेतीन मीटर उंच आणि जवळजवळ पावणेआठ मीटर रुंद आहे, होकुसाईची लाट आपल्या वहीच्या उघड्या दोन पानांएवढी, आणि मोबाईलवर दोन्ही तळहाताएवढी. पोराला वाटतं दोन्ही सारखीच. मग मी पटांगणात चुन्यानं गेर्निकाचा चौकोन आखला, अख्खा वर्ग त्यात उभा राहिला तरी जागा उरली, तेव्हा पोरं गप्प झाली. वर त्या वेबसाइटांवर शोधायचं इंग्रजीत. नेटवर्कसाठी घराच्या धाब्यावर चढायचं ते वेगळंच.

आणि आपल्याच चित्रांचं काय? चित्रकार हुसेनचं 'ग्रामयात्रा' नावाचं 1954 चं चित्र आहे, जवळजवळ चौदा फूट लांब, खेड्यातल्या जगण्याचे तेरा तुकडे त्यात, गाडी हाकणारा शेतकरी, दळणकांडण करणाऱ्या बाया. हे चित्र अनेक वर्षं नॉर्वेत ओस्लोच्या एका हॉस्पिटलकडे होतं. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे 118 कोटी रुपयांना गेलं, आणि ती बातमी आमच्या ग्रुपवर 'भारतीय कलेचा गौरव' म्हणून फिरली. नाव ग्रामयात्रा, आणि यात्रेत ग्राम कुठंच नाही. चित्रकार रझांचं घ्या. मंडला जिल्ह्यातल्या जंगलखात्याच्या माणसाचा पोरगा, 1939 ते 43 नागपूरच्या कलाशाळेत शिकला, म्हणजे आमच्या भागाचाच म्हणायचा. पण त्यांचं चित्र मोठं छापून शाळेच्या भिंतीवर लावतो म्हटलं तर आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकार गेल्यावर 60 वर्षं हक्क राहतो, रझा 2016 ला गेले, म्हणजे 2076 संपेपर्यंत परवानगीचा प्रश्न आहेच. हक्क असावा, चित्रकाराच्या घरच्यांना मिळावं, त्याला माझा विरोध नाही. मी एवढंच म्हणतो की दिसणं आणि मिळणं ह्यात अंतर किती आहे ते मोजा, आणि मग क्रांती झाली म्हणा. रझांनी स्वतः सेरिग्राफ, म्हणजे स्क्रीनप्रिंट, काढून चित्राच्या प्रती लोकांपर्यंत नेल्या, तोही कॅनव्हासच्या मानानं स्वस्त असला तरी शहरातल्या बैठकीपर्यंतच पोचला.

एक भीती मात्र दोन्ही पार्ट्यांनी वाटून घ्यावी अशी आहे. आमच्या बुलढाण्याच्या शिवेपलीकडे अजिंठा. 1844 पासून रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्यानं अनेक वर्षं गुहांत बसून तिथल्या चित्रांच्या मोठाल्या रंगीत नकला केल्या, त्या लंडनला गेल्या आणि 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग 1872 पासून मुंबईच्या कलाशाळेतल्या ग्रिफिथ्सनं विद्यार्थी घेऊन पुन्हा तेच काम केलं, त्यातल्याही बऱ्याच 1885 च्या आगीत गेल्या. पण ग्रिफिथ्सच्या कामाचे 1896-97 मध्ये दोन मोठे खंड छापून निघाले, प्रती ठिकठिकाणी गेल्या, त्या राहिल्या. हातानं केलेली एकमेव नकल जळाली आणि छापलेली उरली. हे 'ओरिजिनल'वाल्यांनी ऐकावं. आणि फाईलवाल्यांनी दुसरं ऐकावं. मागच्या वर्षी गॅदरिंगसाठी पोरांनी केलेली चाळीस चित्रं आम्ही तालुक्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ठेवली होती. दुकानदारानं व्हायरस आला म्हणून फॉरमॅट मारला. चाळीसपैकी जी नऊ छापली होती तीच आज शाळेत आहेत, बाकीच्यांची नावंसुद्धा कोणाला आठवत नाहीत.

भिंतीवर काय लागतं ह्यावर मी गेल्या काही वर्षांत जरा लक्ष ठेवून असतो. आमच्या गावात बौद्ध वस्तीत असं घर नाही जिथं बाबासाहेब आणि बुद्धाचं छापलेलं चित्र नाही. दरवर्षी दीक्षाभूमीला गेलेली माणसं पुस्तकांसोबत हे कागद गुंडाळून घेऊन येतात, एसटीत डोक्यावर धरून, चुरगळू नये म्हणून. ते चित्र त्या घराचं आहे, सहा इंचाच्या काचेवरचं नाही की बॅटरी संपली आणि गेलं. अन् शाळेत गेलात तर संविधानाची उद्देशिका. त्या पानाची नक्षी जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हांची, आतली चित्रं नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या मंडळींची, आणि हातानं लिहिलेल्या मूळ प्रतीवरून डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापखान्यात फोटोलिथो (फोटोवरून शिळाछाप) पद्धतीनं प्रती काढल्या गेल्या. आज कोणीही ते पान डाउनलोड करून पाहिजे त्या मापात छापून लावतो. मूळ प्रत दिल्लीत काचेआड आहे ती आमच्यातल्या कोणी पाहिली नाही. म्हणून आमची उद्देशिका नकली झाली का?

मग करायचं काय? प्रदर्शनवाल्यांनी 'मशीननं छापलेलं चालणार नाही' ही ओळ काढावी आणि त्याऐवजी चार गोष्टी विचाराव्यात: चित्र कोणी काढलं, कशावर छापलं, शाई कोणती, किती प्रती काढल्या. पोरानंच काढलं हे कशावरून, हा संशय खरा आहे, एआय आल्यापासून जास्तच. पण तो वॉटरकलरलाही होता, कितीतरी स्पर्धांत शेवटचा हात सरांचा असतो हे आपण सगळे जाणतो. समोर बसवून काढायला सांगा, कळतं. दुसरं, शाळेत हात आणि फाईल वेगळ्या तासाला शिकवू नका. आमच्या शाळेत कॉम्प्युटर आहेत, कव्हर घालून ठेवलेले, प्रिंटरची शाई वाळून गेली. लिनोची शीट घ्यायची तर नागपूरहून मागवावी लागते आणि पोरांना परवडत नाही. पण तुटक्या चपलेचा रबरी तळवा प्रत्येक घरी आहे. तो ब्लेडनं, जुन्या छत्रीची काडी घासून केलेल्या कोरणीनं छान कापला जातो. तालुक्यातल्या बंद पडलेल्या ट्रेडल प्रेसच्या (पायानं चालवायच्या छपाई यंत्राच्या) मालकाकडून मी शाईचे दोन डबे आणले, लाटण्याला सायकलची ट्यूब ताणून चढवली, झाला रूळ. दाबायला चमच्याची पाठ. आणि हातकागद कोणाला पाहिजे असेल तर वर्ध्याला मगनवाडीत गांधीजींच्या काळात ग्रामोद्योगवाल्यांनी तो करूनच दाखवला होता, ती विद्या काही आकाशातली नाही.

तर ते बाद झालेलं पोरगं. परत आलेली प्रिंट घेऊन दोन दिवस तोंड पाडून बसलं होतं. मी म्हटलं हीच बैलजोडी चपलेवर कोर. चार तळवे लागले, मागे पाट ठेवून खिळ्यांनी ठोकले. पहिली प्रत निघाली तर बैल ह्या बाजूचा त्या बाजूला, आणि खाली कोरलेलं 'पोळा' उलटं. वर्ग हसला. त्यानं काही न बोलता मोबाईल काढला, चित्र आडवं उलटवलं, त्यावरून नव्यानं गिरवून घेतलं, चित्र आणि खालची अक्षरं परत कोरली. ह्या वेळी बरोबर आलं, आणि एका बैलाच्या पाठीवर चपलेच्या जुन्या नक्षीचे ठिपके तसेच उमटले, झुलीसारखे. ते मोबाईलवरच्या चित्रात नव्हते.

संध्याकाळी त्याचा बाप शाळेत आला, फवारणी करूनच आलेला, हात धुवून त्यानं कागद दोन बोटांनी धरला आणि बराच वेळ पाहिला. एक गोठ्याच्या दारावर लावतो म्हणाला, एक साळ्याकडे पाठवायची, त्याचीच जोडी आहे म्हणे चित्रात. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "सर, आजून किती निंघतीन याच्या?"

पोरगंच बोललं, "चप्पल झिजेपर्यंत."